भाकरीतला गहू

"तिच्या ताटात गव्हाचा कणसुद्धा जात नाही," मुलीची आई पहिल्या भेटीत म्हणाली. तिला तसं मनापासून वाटत होतं. या प्रकरणात कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी टाळाटाळ केलेली नाही. तरी गहू जन्मभर सोडायला लावणाऱ्या आजाराचं निदान झाल्यावर सात महिने गहू त्या मुलीच्या पोटात रोज जात होता, आणि तो जात होता ज्वारीच्या भाकरीतून.

मुलगी नऊ वर्षांची. कुटुंब पुण्यात, मूळ बार्शीकडचं. घरात आई-वडील, धाकटा भाऊ आणि आजी. मुलीचं हिमोग्लोबिन ८.२. दीड वर्ष लोहाचं औषध चालू होतं, दोनदा जंताचं औषध देऊन झालं होतं, बीट, खजूर, गूळ, अहाळीवाचे लाडू सगळं करून झालं होतं, आणि आकडा जागचा हलत नव्हता. दोन वर्षांत उंची जेमतेम तीन सेंटिमीटरनी वाढलेली. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, तोंड वरचेवर यायचं. जुलाब मात्र क्वचितच, त्यामुळे पोटाच्या दुखण्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. 'नीट खातच नाही' हे घरच्यांचं निदान होतं.

शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी रक्तातले टीटीजी प्रतिपिंड तपासले. २०च्या आत हवेत ते २००च्या वर निघाले. मग एंडोस्कोपी झाली. लहान आतड्याच्या आतून बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषून घ्यायचं काम त्यांचं. हिचे ते जवळजवळ सपाट झाले होते. लोह दिलं तरी ते जाणार कुठे? आजाराचं नाव सीलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या तीन धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनावर शरीर उलटतं आणि त्या भांडणात स्वतःचंच आतडं खरवडून काढतं. यावर गोळी नाही. ग्लुटेन बंद करायचं, आणि जन्मभर बंद ठेवायचं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. तपासणीच्या आधी एका नातेवाइकाने सल्ला दिला होता, 'पंधरा दिवस गहू सोडून तर बघा.' त्यांनी ऐकलं नाही हे बरं झालं. गहू आधीच बंद केला तर प्रतिपिंड उतरू लागतात, तपासणी फसते, आणि मग नक्की करण्यासाठी मुलाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खाऊ घालावा लागतो. आधी तपासणी, मग पथ्य.

मी आहारतज्ज्ञ आहे. ही मंडळी माझ्याकडे आली ती निदानानंतर सात महिन्यांनी. सोबत एक छापील कागद होता: काय बंद, काय चालेल. कागदात चूक नव्हती. आणि टीटीजी अजून १२०. हे प्रतिपिंड सावकाश उतरतात, पूर्ण खाली यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, पण हिची चाल फारच मंद होती आणि हिमोग्लोबिन ९.४वर थबकलं होतं. 'मुलगी चोरून बिस्किटं खात असणार' असं एकदोघांनी सुचवलं. आईने दप्तर झाडलं, गादीखाली पाहिलं. सापडलं काय, तर युनिफॉर्मच्या खिशात कागदात गुंडाळलेली, वाळून कडक झालेली जिलबी. २६ जानेवारीला शाळेत वाटलेली. मुलीने ती खाल्ली नव्हती. टाकवतही नव्हती म्हणून ठेवली होती. त्या दिवसापासून मी मुलीवर संशय घेणं बंद केलं आणि घराकडे वळले.

त्याआधी त्यांच्या खाण्याची वही पाहिली. ती वाचून मला पहिल्यांदा हेवाच वाटला. परदेशात, किंवा आपल्याकडे पंजाब-हरियाणात, हे निदान झालं की ताटातला मुख्य ऐवजच उठून जातो. आपल्याकडे तसं होत नाही. सकाळी पोहे: चालतात. डब्यात तांदळाचं घावन किंवा आंबोळी: चालते. दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं, वरण-भात: चालतं. बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, मका यांच्यात ग्लुटेन मुळात नाहीच. सगळ्या डाळी-उसळी, शेंगदाणे, तीळ, खोबरं, बटाटा, सुरण, रताळं, भाज्या, फळं, दूध, दही, ताक, तूप, अंडी, मासे, मटण यांतही नाही. कोथिंबीर वडी, अळूवडी, उकडीचे मोदक, अनारसे, कुरमुरे, राजगिऱ्याची चिक्की... यादी करायला बसलं तर वही संपेल. दूध सुरुवातीचे काही महिने हिला सोसलं नव्हतं, कारण दुधातली साखर पचवणारा पाचकरसही त्याच उंचवट्यांवर तयार होतो, पण तो वेगळा विषय आणि तो आपोआप सुटतो.

फसवणूक नावांत असते. रवा, मैदा, दलिया, शेवया हा सगळा गहूच, हे सांगावं लागतं. हसू नका, 'रवा चालेल ना, तो हलका असतो' असं मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. इडलीचा रवा तांदळाचा आणि रवा इडली गव्हाची. सातू म्हणजे जव, म्हणजे बंद. आणि आपल्याकडे गूळ-दूध घालून खातात ते सातूचं पीठ भाजलेल्या गव्हाचं आणि डाळ्याचं, म्हणजे तेही बंद. पण बिहारकडचं सत्तू बहुधा हरभऱ्याचं, ते निव्वळ हरभऱ्याचं असेल तर चालेल. एकाच शब्दाचे तीन पदार्थ. कुरडई पांढरीशुभ्र दिसते, पण ती गव्हाच्या चिकाची. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतात. मक्याच्या कॉर्नफ्लेक्सलासुद्धा बहुधा माल्टची चव लावलेली असते. सोया सॉस सोयाबीनइतकाच गव्हाचा. आणि खपली! 'खपली देशी आहे, जुना गहू आहे, तो चालतो' हे हिच्या काकांनी दोन किलो खपली पाठवून सांगितलं होतं. खपलीत ग्लुटेन आहे. ती सोडायलाच हवी.

या कुटुंबाने यातलं बहुतेक सगळं आधीच टिपलं होतं. खपली शेजाऱ्यांकडे गेली होती. म्हणून मग मी एका शनिवारी त्यांच्या घरी गेले.

स्वयंपाकघरात पहिला अर्धा तास मी काही तपासलं नाही. आईला पोळीची कणीक मळायला सांगितली आणि त्यातला लिंबाएवढा गोळा नळाखाली धरला. पांढरं पाणी वाहत राहिलं, वाहत राहिलं, आणि शेवटी हातात उरला करड्या रंगाचा, ओढला तर रबरासारखा ताणणारा चिवट गोळा. "हेच ते," मी म्हटलं. आजी चष्मा सारून बघत होत्या. मग ज्वारीच्या पिठाचा गोळा तसाच नळाखाली धरला. तो क्षणात विरघळून गेला, हातात काही उरलं नाही. आजींना एका झटक्यात कळलं: "म्हणजे म्हणूनच भाकरीला उकळतं पाणी लागतं. आणि ती लाटता येत नाही, थापावी लागते." बरोबर. पोळी लाटता येते ती या चिवटपणाच्या जिवावर. मी गमतीने म्हटलं, लाटता येतं ते संशयित, थापावं लागतं ते निर्दोष. आजी म्हणाल्या, "आणि थालीपीठ?" तिथे माझा नियम मोडला. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतोच. ती त्यांनी निदानानंतर बंद केली होती.

मग डबे उघडले. हिंगाच्या डबीवर मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: गव्हाचं पीठ, खाद्य डिंक, हिंग. क्रम लक्षात घ्या, सगळ्यात जास्त जे असतं ते आधी लिहितात. निखळ हिंग इतका उग्र असतो की तो पीठ आणि डिंक घालून बांधावा लागतो, म्हणून त्याला बांधानी हिंग म्हणतात. आई कपाळाला हात लावून बसली; रोजची प्रत्येक फोडणी तिच्या डोळ्यांपुढे आली असणार. पण हिशेब केला तर हिंग तितका दोषी ठरत नाही. चिमूटभर हिंग म्हणजे साधारण १५० मिलिग्रॅम. त्यातलं अर्धं पीठ धरलं, पिठात ग्लुटेन साधारण आठ टक्के, म्हणजे अख्ख्या पातेलीभर आमटीत सहा मिलिग्रॅम. मुलीच्या वाटीत एक-दीड. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेक रुग्णांचं आतडं निभावून नेतं, ५० मिलिग्रॅम रोज गेलं तर तीन महिन्यांत इजा दिसते, हे मोजून पाहिलेलं आहे. एका पोळीत अडीच हजार मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं, म्हणजे ५० मिलिग्रॅम हा पोळीचा पन्नासावा तुकडा, नखाएवढा. हिंग बदलला, तांदळाच्या पिठात बांधलेला आणला. पण टीटीजी १२०वर धरून ठेवण्याचं बळ त्या डबीत नव्हतं.

पोळपाट-लाटणं वेगळं होतं. तवा मात्र एकच: आधी पोळ्या, मग त्याच तव्यावर भाकरी. तव्याच्या कडेला पोळीची जळकी पिठी चिकटलेली. भाकरी थापायची परातही कणीक मळायचीच, विसळून घेतलेली. हे सगळं थोडं थोडं.

"दळण कुठून आणता?" मी विचारलं.

कोपऱ्यावरच्या गिरणीतून. आईने उत्साहाने सांगितलं की ज्वारी कधीच गव्हाच्या चक्कीवर टाकू देत नाही, गिरणीवाले काका ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे दोन चक्क्या आहेत. आम्ही तिघी तिथे गेलो. काका भला माणूस, मोकळेपणी बोलले. "एक गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची. पण संध्याकाळी गव्हाचीच गर्दी असते, तेव्हा दोन्हीवर गहू चालू करतो. लोक थांबत नाहीत हो." ज्वारीच्या चक्कीच्या तोंडाला पीठ खाली पडायला कापडाची नळी बांधलेली होती. मी ती हाताने हलकेच झटकली. खाली ठेवलेल्या रिकाम्या डब्यात पिठाचा ढीग पडला, चांगला मूठभर. ते मऊ, किंचित पिवळसर पीठ ज्वारीचं नव्हतं हे आईला सांगावं लागलं नाही.

मी ते पीठ प्रयोगशाळेत पाठवलं नाही. गिरणीच्या बाकावर बसून नुसता हिशेब मांडला. नळीत आणि दगडांमध्ये मिळून ५० ग्रॅम गव्हाचं पीठ मागे राहिलं असं धरू. त्यात चार ग्रॅम ग्लुटेन. ते आपल्या पाच किलो ज्वारीत मिसळलं तर दर किलोला ८०० मिलिग्रॅम. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायचं तर आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे चाळीस पट. मुलीच्या दिवसाच्या तीन भाकऱ्यांना दीडशे ग्रॅम पीठ लागतं. त्यात १२० मिलिग्रॅम ग्लुटेन. अंदाज निम्म्याने चुकला तरी साठ. निदानानंतर पोळी बंद झाली आणि तिच्या दोनाच्या तीन भाकऱ्या झाल्या, हे वहीतच लिहिलं होतं. पथ्य जितकं काटेकोर, तितका गहू जास्त.

आणि तरीही गोष्ट पुरी होत नव्हती. वहीत काही दिवस असे होते की पोट बिघडलंय म्हणून भाकरी दिलेली नाही, नुसता मऊ भात, आणि त्यानंतर दोन-तीन दिवस पोट आणखीच बिघडलेलं. मऊ भातात काय वाईट असणार? मी निघता निघता सहज विचारलं, मऊ भाताबरोबर काय देता?

"तूप आणि मेतकूट," आजी म्हणाल्या. "दुखणेकऱ्याला दुसरं काय द्यायचं?"

"मेतकुटात काय काय घालता आजी?"

त्या बोटं मोजत सांगू लागल्या. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मूग, तांदूळ, सुंठ, हळद, मोहरी, मेथी, हिंग. "आणि मूठभर गहू. तो खमंग भाजला की..." त्या मध्येच थांबल्या.

कोणी काही बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मेतकूट म्हणजे डाळी, असं घरात सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. त्यातला गहू भाजून, दळून, हळदीत मिसळून दिसेनासा झालेला. दहावा हिस्सा गहू धरला तर दोन चमचे मेतकुटात एक ग्रॅम, म्हणजे ८० मिलिग्रॅम ग्लुटेन. पोट दुखलं की मेतकूट, मेतकुटाने पोट दुखलं की आणखी मेतकूट. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना म्हटलं ते इथेही लिहिते: छापील कागदावर थालीपीठ होतं, मेतकूट नव्हतं. चूक असलीच तर कागद करणाऱ्यांची, म्हणजे माझ्यासारख्यांची. ही पथ्यं इंग्रजी पुस्तकांवरून उतरवलेली असतात. त्यांत पाव, पास्ता, बिअर येतात. फोडणी, भाजणी आणि गिरणी येत नाही.

उपाय सांगायला बसले तेव्हा मी सवयीने 'क्रॉस कंटॅमिनेशन' वगैरे सुरू केलं. आजींनी हात केला. "उपासाचं जसं पाळतो तसंच ना हे? उपासाचं तिखट वेगळं, उपासाची कढई वेगळी, खरकटा हात लावायचा नाही. हिची रोजची एकादशी." मी वीस मिनिटांत जे सांगणार होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आपल्या घरांना हे नव्याने शिकवावं लागत नाही. साबुदाण्याच्या डब्यात डाळीचा चमचा बुडवला तर ओरडणारी बाई प्रत्येक घरात असते. तिच्या हाती कारभार द्यायचा. फक्त 'एकादशी, दुप्पट खाशी' करून चालणार नाही, हे मी बजावलं. साबुदाणा आणि बटाटा यांवर मूल वाढत नाही. उपासाच्या यादीतला राजगिरा उचलायचा, आणि रोजच्याला ज्वारी, बाजरी, नाचणी. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शिअम असतं, आणि हिच्या हाडांना त्याची गरज होती. दुकानातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं वडिलांनी आणली होती, साध्या बिस्किटांच्या चौपट किमतीची; ती मी वाढदिवसांपुरती ठेवायला सांगितली.

गिरणीला पर्याय म्हणजे घरघंटी. पंधरा-वीस हजारांचा खर्च, वडील दोन दिवस गप्प होते, मग घेतली. दुकानदार नव्या घरघंटीवर गहू दळून दाखवायला निघाला तेव्हा आजींनी त्याचा हात धरला. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं, अभिमानाने. हळदीकुंकू लावून पहिलं दळण ज्वारीचं घेतलं. घरातल्यांचा गहू मात्र पूर्वीसारखाच कोपऱ्यावर जातो. घरघंटीत तो कधीही टाकायचा नाही. बेसनही विकत न आणता हरभऱ्याची डाळ निवडून घरीच दळतात. भाकरीसाठी वेगळा तवा, वेगळी परात, आणि आधी तिची भाकरी, मग बाकीच्यांची पोळी. भावाचीही रक्ततपासणी करून घेतली, कारण सख्ख्या भावंडांमध्ये हा आजार निघण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्याची तपासणी ठीक आली. काही वर्षांनी परत करायची.

मधे एकदा आजींना मी डिके यांची गोष्ट सांगितली. विलेम डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेना, आणि रुग्णालयातली सीलिअ‍ॅकची मुलं सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा ढासळली. गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होता. १९५०मध्ये त्यांनी प्रबंधात तो मांडला. आजींना यावर बहात्तरचा दुष्काळ आठवला. रेशनवर मिळणारी लाल मिलो, तिची न थापली जाणारी भाकरी. "ज्वारीच होती ती, अमेरिकेची. तोंडात फिरायची. पण त्याआधीही आमच्याकडे पोळी कुठे होती? पाहुणा आला तर, नाहीतर सणाला. हे रोज दोन वेळा पोळी तुमच्या पिढीचं." बोलण्यात तथ्य आहे. देशभरातल्या एका पाहणीत हा आजार उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडा जास्त, तर दक्षिणेत हजारात एक असा आढळला. आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, ताटातला गहू वेगळा होता.

घरभेटीनंतर पाच महिन्यांनी टीटीजी ४१, हिमोग्लोबिन ११.६. वर्षाने टीटीजी २४. यातली थोडी घसरण नुसत्या काळानेही झाली असती, सगळं श्रेय घरघंटीला देता येणार नाही. पण उंचीचं तसं नाही: एका वर्षात सात सेंटिमीटर. शाळेतल्या उंचीच्या रांगेत ती आता तिसरी उभी राहते. २४ अजून रेषेच्या वर आहे, म्हणून वही चालू आहे.

मेतकूट आजींनी पुन्हा केलं, गव्हाऐवजी तांदूळ वाढवून आणि थोडी ज्वारी खमंग भाजून. मुलीने चाटून पाहिलं आणि म्हणाली, पहिल्यासारखं नाही लागत. आजी म्हणाल्या, नाहीच लागत.

गेल्या वेळी गेले तेव्हा त्या खिडकीशी सूप घेऊन बसल्या होत्या. दुकानातल्या ज्वारीत पोत्यापोत्यांतून गव्हाचे दाणे येतात, ते निवडून काढायचं काम त्यांचं. पांढऱ्या ज्वारीत गव्हाचा दाणा उठून दिसतो. बाजूच्या वाटीत त्यांनी काढलेले दाणे होते. मुलगी मोजत होती. पाच किलोत अकरा निघाले. "मागच्या वेळी सतरा होते," ती म्हणाली, आणि वाटी घेऊन चिमण्यांना टाकायला गॅलरीत गेली.